सुप्रिमसी कधी दाबायची आणि व्हिलेजर लढवायचे कसे: एज ऑफ एम्पायर्स २ मधल्या स्पॅनिशसाठी सविस्तर गाईड

एज ऑफ एम्पायर्स २ ह्या कॉम्प्युटर गेममध्ये स्पॅनिश घेतलं आणि इम्पिरियल एजला, म्हणजे शेवटच्या टप्प्याला, पोचलं की कॅसलमध्ये सुप्रिमसी म्हणून एक टेक (विकत घ्यायचा अपग्रेड) दिसायला लागते. बरेच जण तिच्याकडं ढुंकूनही बघत नाहीत, कॉंकिस्टडोर (स्पॅनिशचे घोड्यावरचे बंदूकधारी) काढत बसतात. आणि जे दाबतात ते जोशात दाबतात, रिसर्च संपला की शेतावरचे, लाकडावरचे, सगळेच्या सगळे व्हिलेजर (गेममधले कामकरी) उचलून समोरच्याच्या कॅसलखाली नेऊन सोडतात आणि दोन मिनिटात इको, म्हणजे सगळी कमाई, साफ. मला ही टेक मनापासून आवडते. सोलापुरात आमचा जो ग्रुप आहे, जुळे सोलापूर, सात रस्ता, अशोक चौक सगळीकडची पोरं आहेत, त्यात सगळ्यात जास्त वाद ह्याच एका बटणावरून होतात, म्हणून एकदाचं नीट बैजवार लिहितोय. ज्याला गेमची बेसिक माहिती आहे, म्हणजे टीसी (टाऊन सेंटर) काय, कॅसल काय, ट्रॅश युनिट (सोनं न लागणारे स्वस्त सैनिक) काय, त्याच्यासाठी हे आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सुप्रिमसीचे व्हिलेजर हे आधी कामगार आणि मग सैनिक. ज्याच्या हातातलं काम संपलंय तोच व्हिलेजर लढाईला न्यायचा, बाकीच्यांना फक्त जिथं आहेत तिथं जगवायचं. एवढं पाळलं की ही टेक पैसे वसूल करून देते.

टेक नेमकी काय करते

खर्च ४०० फूड, २५० गोल्ड, आणि रिसर्चला एक मिनिट. त्यात तुमच्या प्रत्येक व्हिलेजरला, आत्ता मॅपवर असलेल्याला आणि पुढं निघणाऱ्यालाही, ४० एचपी (जीव) जास्त, अटॅक ६ ने जास्त आणि मेली (जवळचे वार) व पिअर्स (बाण) दोन्हीपासून वाचवणारं आर्मर २-२ ने जास्त मिळतं. साधा व्हिलेजर २५ एचपीचा असतो, लूम हा व्हिलेजरचा अपग्रेड केला की ४० एचपी आणि १ मेली, २ पिअर्स आर्मर होतं, अटॅक मात्र ३ च राहतो. म्हणजे लूम धरून सुप्रिमसीनंतर हिशोब होतो ८० एचपी, ९ अटॅक, ३ मेली, ४ पिअर्स. आणि किंमत तीच, ५० फूड, ना लाकूड ना सोनं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ब्लॅकस्मिथचे अपग्रेड व्हिलेजरला लागत नाहीत. फोर्जिंग करा, ब्लास्ट फर्नेस करा, व्हिलेजरचा अटॅक ९ च्या वर जात नाही. त्यामुळं समोरचा जसजसा अपग्रेड पूर्ण करत जातो तसतसा तुमचा व्हिलेजर मागं पडत जातो आणि म्हणूनच ही टेक कुणासमोर चालते आणि कुणासमोर नाही हे आकड्यात बघितलं पाहिजे. नुसतं भारी वाटतं म्हणून घेऊ नका. अपडेट येतात तसे आकडे इकडं तिकडं हलतात, त्यामुळं खेळायच्या आधी टेक ट्रीमध्ये बटणावर माऊस नेऊन एकदा बघून घ्यायची सवय लावा.

२००० साली कॉंकरर्स आलं, त्यात स्पॅनिश आले आणि त्यांच्याबरोबर ही टेक आली. तेव्हा सायबर कॅफेत खेळलेल्या लोकांना ती ओळखीची असेल. कॅसल एजला मिळते ती इन्क्विझिशन वेगळी, ती मंकसाठी आहे, दोन्हीत गोंधळ करू नका.

कुणासमोर चालते, आकड्यात

सगळ्यात आधी हुसार, म्हणजे हलका घोडेस्वार, कारण शेवटच्या टप्प्यात व्हिलेजर मारायला तोच येतो. सगळे अपग्रेड झालेला हुसार ९५ एचपी, ११ अटॅक, ३ मेली आर्मर. फक्त लूम केलेल्या व्हिलेजरला तो एका वाराला १० डॅमेज करतो, म्हणजे ४ वारात खलास. आणि तुमचा व्हिलेजर त्याला मारतो किती, तर ३ वजा ३ म्हणजे शून्य, गेम किमान १ देतो म्हणून १. म्हणजे ९५ वेळा मारावं लागेल, विषयच संपला.

आता सुप्रिमसी झाल्यावर बघा. हुसारचा डॅमेज ८ वर येतो आणि ८० एचपी संपवायला त्याला १० वार लागतात. व्हिलेजर मारतो ६, त्याला १६ वार लागतात. एकास एक लढला तर हुसारच जिंकतो, ह्यात खोटं बोलून उपयोग नाही. पण दोन व्हिलेजर एका हुसारवर घातले तर हुसारचा दहावा वार साधारण सतराव्या सेकंदाला पडतो, तेवढ्यात दोघांनी मिळून चौदाव्या सेकंदालाच त्याचा कारभार आटोपलेला असतो. म्हणजे १०० फूडच्या दोन व्हिलेजरनी ८० फूडचा हुसार मारला आणि दोघंही जिवंत. लाकडाच्या एका कॅम्पवर दहा व्हिलेजर असतात आणि रेडला (व्हिलेजर मारायच्या छाप्याला) चार-पाच हुसार येतात, म्हणजे हे दोनास एक प्रमाण तुम्हाला आयतंच मिळतं.

हॅल्ब तर ह्याच्याहून सोपा. पूर्ण अपग्रेडचा हॅल्बर्डियर, म्हणजे भालेवाला, ६० एचपी, १० अटॅक, ३ मेली आर्मर, आणि मारायला साधारण तीन सेकंद घेतो. व्हिलेजरला मारायला त्याला १२ वार, म्हणजे तेहतीसेक सेकंद. व्हिलेजर दोन सेकंदाला एक वार करतो, १० वारात, अठरा सेकंदात हॅल्ब गेला. एकास एक जिंकतो, आणि हॅल्बची किंमत ३५ फूड २५ लाकूड.

एलिट स्कर्मिशरचा (लांबून मारणारा ट्रॅश सैनिक, स्कर्म) बाण केमिस्ट्रीचा अपग्रेड धरून ७ चा, व्हिलेजरच्या पिअर्स आर्मरमधून ३ च जातो. ८० एचपीला सत्तावीस बाण. तोवर तुमचा माणूस तिथं पोचला तर ६ वारात स्कर्म आडवा.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण सगळा खेळ इथंच आहे. ट्रॅश युनिट जगतात बोनसवर. हॅल्ब घोड्यांवर बोनस घेतो, स्कर्म तिरंदाजांवर बोनस घेतो. व्हिलेजर ना घोडा ना तिरंदाज, त्यामुळं त्याच्यासमोर दोघांचाही बोनस शून्य आणि उरतो तो नुसता मूळचा फालतू अटॅक. समोरच्यानं तुमच्या हुसार आणि कॉंकिस्टडोरला बघून हॅल्ब आणि स्कर्मचा ढीग लावलेला असतो आणि त्या ढिगासमोर हे शेतकरी उभे राहतात.

रॅमचंही (इमारती फोडायचा ओंडका) सांगतो, कारण हे फार कमी जणांना माहीत आहे. रॅमचं मेली आर्मर उणे ३ असतं, त्यामुळं सुप्रिमसीचा व्हिलेजर त्याला वाराला १२ चा दणका देतो. सीज रॅम २७० एचपीचा, म्हणजे तेवीस वार, दहा व्हिलेजर असले तर तिसऱ्या फेरीत लाकडं झाली. आणि रॅम व्हिलेजरला मारून मारून १ डॅमेज करणार. फक्त आत पायदळ भरलेलं असेल तर रॅम फुटल्यावर ते बाहेर पडतं, तेव्हा आत चॅम्पियन असतील तर लगेच पळवायची तयारी ठेवा.

आता कुणासमोर चालत नाही. चॅम्पियन १७ अटॅकचा, ६ वारात व्हिलेजर मारतो आणि त्याला मारायला तुम्हाला १४ वार. पॅलाडिन, म्हणजे जड घोडेस्वार, १८० एचपी, ५ मेली आर्मर, व्हिलेजर त्याला ४ डॅमेज करणार, म्हणजे पंचेचाळीस वार, तिथं जाऊच नका. आर्बलेस्ट तिरंदाजांचा मोठा घोळका असला तर पोचायच्या आधीच निम्मे पडतात. दगडफेकी ओनेजर असले तर एकत्र चिकटून उभे राहिलेले व्हिलेजर एक-दोन दगडात एकदम जातात. थोडक्यात समोरच्याकडं सोनं आहे तोवर उघड्या मैदानात व्हिलेजर न्यायचे नाहीत.

दाबायच्या आधी काय काय बघायचं

पहिलं, सोनं. मॅपवरच्या खाणी किती उरल्यात ते बघा, तुमच्याच नाही, त्याच्याही. १ विरुद्ध १ मध्ये दोघांचंही सोनं संपत आलंय म्हणजे वेळ जवळ आली. टीम गेममध्ये मागं बाजार टाकून ट्रेड चालू असेल तर सोनं संपतच नाही, शिवाय स्पॅनिश टीममध्ये असले की ट्रेडला जास्त सोनं मिळतं हा त्यांचा टीम बोनस आहे, अशा वेळी ट्रॅश वॉरसाठी (नुसत्या ट्रॅश युनिटच्या लढाईसाठी) सुप्रिमसीची गरज नाही, कॉंकिस्टडोर आणि पॅलाडिनच काढा. तिथं फक्त पुढं कॅसल टाकायच्या कामासाठी हिचा विचार करायचा.

आणि इथं सगळ्यात महत्त्वाची टीप. सोनं संपल्यावर ही टेक उपयोगाची, पण टेकलाच २५० सोनं लागतं! त्यामुळं खाण संपत आली की २५० बाजूला काढून ठेवा, हात लावू नका. कॉंकिस्टडोरला ७० सोनं पडतं, म्हणजे २५० मध्ये साडेतीन कॉंकिस्टडोर, त्या साडेतीन घोड्यांनी गेम फिरणार नाही. नंतर बाजारात लाकूड विकून सोनं घ्यायला गेलात तर तोपर्यंत भाव पार कोसळलेला असतो.

दुसरं, समोरच्याची सेना. हॅल्ब, स्कर्म, हुसार दिसतायत तर हो. पॅलाडिन, चॅम्पियन, हस्कार्ल अशा सोन्याच्या सैनिकांचा पूर असला तर थांबा.

तिसरं, तुमचे व्हिलेजर किती आहेत. शंभरच्या वर असतील तर टेकचा फायदा शंभर ठिकाणी होतो. रेड खाऊन खाऊन पन्नासवर आला असाल तर त्या ४०० फूडचे आठ व्हिलेजर काढा, ते जास्त शहाणपणाचं.

चौथं म्हणजे क्रम. इम्पिरियलला पोचल्या पोचल्या सुप्रिमसी दाबायची नाही. आधी ट्रेबुशे (ट्रेब, लांबून इमारती पाडणारं यंत्र), केमिस्ट्री, हुसारचा अपग्रेड, ब्लॅकस्मिथ. स्पॅनिशला ब्लॅकस्मिथच्या अपग्रेडना सोनं लागत नाही, नुसतं फूड, त्यामुळं ते लवकर उरकता येतं आणि सोनं वाचतं. लूम आणि हँड कार्ट झालेलंच असेल, नसेल तर आधी ते, कारण हँड कार्टनं व्हिलेजरचा चालायचा वेग वाढतो आणि लढाईत वेग लागतो. पॅलाडिनचा विचार असेल तर १३०० फूड ७५० गोल्ड तयार ठेवा, दोन्ही एकदम होत नाही, एक निवडा.

रेड आला तर काय करायचं

हा सगळ्यात रोजचा वापर आहे आणि माझ्या मते टेकचे अर्धे पैसे इथंच वसूल होतात.

हुसार दिसले की आपल्याला सवय असते टाऊन बेल (धोक्याची घंटा) वाजवायची. सुप्रिमसीनंतर बेलला हात लावू नका. बेल वाजवली की सगळीकडचे व्हिलेजर टीसीत घुसायला पळतात, चार हुसारनी तुमची अख्खी इको एक मिनिट बंद पाडली, त्याला तेच पाहिजे होतं. त्याऐवजी ज्या कॅम्पवर रेड आलाय तिथं जा, एका व्हिलेजरवर डबल क्लिक करा, स्क्रीनवरचे सगळे सिलेक्ट होतात. मग एका हुसारवर राइट क्लिक. एकाच हुसारवर सगळे, वाटून द्यायचे नाहीत. मग शिफ्ट दाबून दुसऱ्या हुसारवर क्लिक, मग तिसऱ्यावर, आणि शेवटी शिफ्ट दाबूनच परत झाडावर क्लिक. म्हणजे मारामारी संपली की पोरं आपोआप लाकूड तोडायला जातात आणि तुम्हाला आठवण ठेवावी लागत नाही. हा शेवटचा क्लिक लई जण विसरतात आणि मग दहा व्हिलेजर मोकळे उभे राहतात, रेडनं झालं नसतं तेवढं नुकसान त्या मोकळं उभं राहण्यानं होतं.

पळणाऱ्या हुसारच्या मागं लागू नका. तो व्हिलेजरच्या कितीतरी पुढं पळतो. तुमचं काम त्याला हाकलायचं आहे, मारायचं नाही, मेला तर बोनस. ज्या व्हिलेजरचा एचपी बार लाल झालाय त्याला टीसीत घाला, आत राहून बरा होतो.

शेतावर मात्र हे जरा अवघड जातं, कारण शेतकरी पसरलेले असतात आणि सगळे एका हुसारवर यायला वेळ लागतो. शेतं टीसीला आणि गिरणीला चिकटून गोल ठेवली असतील तर सात-आठ जण पटकन जमतात. आणि परत शेतावर पाठवताना प्रत्येकाला शेत मिळालं का बघा, एकाच शेतावर सगळ्यांना क्लिक केलं की बाकीचे इकडं तिकडं भटकत बसतात.

पुढं जाऊन कॅसल टाकणं

स्पॅनिशचे बिल्डर ३० टक्के जास्त वेगानं बांधतात, हा त्यांचा पहिल्यापासूनचा बोनस. कॅसलला एका व्हिलेजरला २०० सेकंद लागतात. माणसं वाढवली की वेळ कमी होतो, पण सरळ भागाकार होत नाही, गणित असं आहे की मूळ वेळ गुणिले ३ आणि त्याला माणसं अधिक २ नं भागायचं. पाच व्हिलेजरना ८६ सेकंद येतात, स्पॅनिश असल्यानं ६६ होतात. दहा असले तर ५० आणि स्पॅनिशसाठी ३८ सेकंद. दहाच्या वर माणसं घातली तर फरक हळूहळू कमी होत जातो, म्हणून मी दहा ते बाराच नेतो.

३८ सेकंद. समोरच्याला कळून, त्यानं सेना वळवून, तिथं येईपर्यंत ३८ सेकंद जातातच. आणि आला तरी, साधे व्हिलेजर असते तर चार-पाच हुसारनी पायाभरणीच उधळून लावली असती, इथं ८० एचपीचे दहा जण आहेत. पायरी पायरीनं असं करा.

६५० दगड हातात असल्याशिवाय निघायचं नाही, ८०० असले तर उत्तम, राहिलेल्यात दुरुस्ती आणि एखादा टॉवर होतो. दगडाच्या खाणीवरचेच व्हिलेजर उचला, दगड जमला म्हणजे त्यांचं काम झालेलंच असतं. त्यांना कंट्रोल ग्रुप द्या. पुढं पाच-सात हुसार ठेवा, लढायला नाही, बघायला, म्हणजे वाटेत काय आहे ते कळतं. समोरच्याच्या कॅसलच्या आणि टीसीच्या रेंजबाहेर जागा निवडा, त्याच्या बाणाखाली बांधायचा हट्ट करू नका, ४ पिअर्स आर्मर कॅसलच्या बाणांसमोर काहीच नाही.

जागा निवडताना पाठ झाकली जाईल असं बघा. आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला बघा, सपाट जमिनीवरचा आहे, डोंगराचा आधार नाही, पण एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचं पाणी आहे. तसंच इथं एका बाजूला जंगल किंवा पाणी येऊ द्या, म्हणजे बिल्डरवर एकाच बाजूनं हल्ला होतो आणि तुम्हाला सगळे त्या बाजूला वळवता येतात.

हल्ला आला तर सगळ्यांना लढायला लावू नका, निम्मे बांधत राहू द्या. कॅसल उभं राहिलं की लढाई संपल्यातच जमा, त्याचे बाण सुरू होतात आणि जखमी व्हिलेजर आत जातात. मग तिथूनच ट्रेब काढायचे, आणि हे व्हिलेजर परत न्यायचे नाहीत, ते तिथंच राहतात, कॅसल दुरुस्त करतात, ट्रेब दुरुस्त करतात आणि ट्रेबवर हुसार धावून आले की मध्ये उभे राहतात. ट्रेबला राखण म्हणून हॅल्ब ठेवतात सगळे, पण हॅल्ब दुरुस्ती करत नाही.

एक जास्तीचा डाव. पुढच्या कॅसलमागं टीसी टाका, २७५ लाकूड १०० दगड. दहा जणांना स्पॅनिश वेगानं अर्धा मिनिटही लागत नाही. मग नवीन व्हिलेजर थेट लढाईच्या तोंडावर निघतात, ५० फूडला एक, २५ सेकंदाला एक. अरेना आणि ब्लॅक फॉरेस्टसारख्या बंद मॅपवर हे फार त्रासदायक होतं समोरच्याला. अरेबियासारख्या मोकळ्या मॅपवर एवढा निवांत वेळ मिळणं मुश्किल, तिथं नुसतं कॅसलवर थांबा.

सोनं संपल्यानंतरची लढाई

आता ज्यासाठी ही टेक खरी ओळखली पाहिजे ते. दोघांचं सोनं संपलंय, पॉप (माणसांची संख्या) २०० ला, म्हणजे मर्यादेला, दोघं, ट्रॅश वॉर. ह्या वेळी सोन्याच्या खाणीवर जे पंधरा-वीस व्हिलेजर होते त्यांना काम उरलेलं नसतं. बाकीचे लोक त्यांना लाकडावर घालतात किंवा डिलीट करून पॉप मोकळा करतात. स्पॅनिशवाल्यानं त्यांचीच फौज करायची. हे लोक पॉपमध्ये आधीच मोजलेले, त्यांना नव्यानं फूड घालायचं नाही, आणि ते गेले तर इको तसूभरही हलत नाही, कारण ते इकोत नव्हतेच. शेतकऱ्याला हात लावायचा नाही, हा माझा पक्का नियम आहे, शेतातून फूड येतंय म्हणून हुसार निघतायत.

आमच्यात एकाचे बायझेंटाईन्स ठरलेले असतात. उन्हाळ्यात दिवसा आमच्याकडं बाहेर पडायची सोय नाही, त्यामुळं रात्रीची जेवणं उरकून सगळे बसतात, शेंगा चटणी आणि कडक भाकरी मध्ये ठेवून. अरेनावर गेम, सोनं संपलं, हा खूश, कारण बायझेंटाईन्सचे हॅल्ब आणि स्कर्म २५ टक्के स्वस्त, ट्रॅश वॉरमध्ये तो भल्याभल्यांना चिरडतो. "आता कोण वाचवायलाय बे तुला," असं म्हणून त्यानं हॅल्बचा लोंढा सोडला माझ्या भिंतीत पडलेल्या भगदाडाकडं. मी खाणीवरचे वीसेक व्हिलेजर भगदाडात उभे केले आणि मागं हुसार लपवले. बायझेंटाईन्सना ब्लास्ट फर्नेस नाही, त्यांचा हॅल्ब ८ अटॅकचा, व्हिलेजरला ५ डॅमेज, म्हणजे सोळा वार, पाऊण मिनिटाच्या आसपास. तेवढ्यात व्हिलेजर दोन हॅल्ब मारून तिसऱ्याकडं वळतो. त्याचे स्कर्म मागून बाण मारत होते पण माझ्या पुढच्या फळीत तिरंदाजही नव्हते आणि घोडेही. हॅल्ब भगदाडात अडकले की हुसार बाजूच्या दरवाजातून काढून स्कर्मवर घातले. "हे व्हिलेजर हायत का पैलवान बे?" हे वाक्य त्या दिवसापासून आमच्यात चालतं.

त्यातला क्रम घ्यायचा तो असा: व्हिलेजर पुढं, अरुंद जागेत, हॅल्बसमोर. हुसार मागं, हॅल्ब गुंतल्यावरच बाहेर. स्पॅनिशचा हुसार पूर्ण अपग्रेड होतो त्यामुळं स्कर्म आणि सीज मारायला तोच. हे उलटं केलं, हुसार आधी घातले, तर हॅल्ब त्यांना खाऊन टाकतात आणि मागचे व्हिलेजर एकटे पडतात. अरुंद जागा नसेल तर तयार करा, व्हिलेजर आहेत की तुमच्याकडं, दोन बाजूला भिंत किंवा घरं टाकून वाट आवळा. लढणारी माणसंच तिथल्या तिथं भिंत बांधतायत हे दुसऱ्या कुठल्या फौजेला जमत नाही.

बर्गंडियन्सची फ्लेमिश रेव्होल्युशन आणि ही टेक लोक एकाच माळेत ओवतात. तिथं व्हिलेजरचे कायमचे सैनिक होतात आणि शेती संपते, जिंकलात तर जिंकलात नाहीतर हातात काही नाही. सुप्रिमसीत लढाई झाली की तोच माणूस परत कुऱ्हाड घेऊन झाडाकडं जातो. त्यामुळं ती एकदाच खेळायची जुगारी टेक आहे असं समजून शेवटच्या श्वासाला दाबू नका, हातात पंधरा-वीस मिनिटांचा गेम शिल्लक असताना दाबा.

समोरच्यानं घेतली तर

स्पॅनिश समोर असेल आणि त्याचे व्हिलेजर हुसारला भिडायला लागले, पळेनात, तर समजा झालंय. एका व्हिलेजरवर क्लिक करून एचपी बघा, ८० दिसले की खात्री. मग हुसारचे रेड बंद करा, फुकट मरतील. राखून ठेवलेलं सोनं असेल तर चॅम्पियन किंवा ओनेजर काढा, नसेल तर स्कर्म हॅल्ब घेऊन त्याच्या व्हिलेजरवर जाण्यात अर्थ नाही, आपल्या कॅसलखाली थांबा आणि ट्रेबनं लांबून इमारती पाडा. आणि दगडाच्या खाणीवर लक्ष ठेवा, तिथले व्हिलेजर गायब झाले की तुमच्या बेसजवळ कुठंतरी कॅसल उगवणार आहे.

सराव

ऑनलाइन रेटेड गेममध्ये पहिल्यांदाच करून बघू नका. सिंगल प्लेअरला स्पॅनिश घ्या, मॅप अरेना, सुरुवात इम्पिरियल एजपासून, रिसोर्सेस अल्ट्रा हाय, एआय हार्ड. कॅसल बांधा, लूम, हँड कार्ट करा, सुप्रिमसी सोडून बाकी सगळं घ्या आणि गेम सेव्ह करा. एआयचा पहिला मोठा हल्ला सुप्रिमसीशिवाय झेलून बघा. मग सेव्ह लोड करा, सुप्रिमसी घ्या आणि परत झेला. त्यानंतर तोच सेव्ह घेऊन दहा व्हिलेजरनी पुढं कॅसल टाकायचा सराव करा, आणि प्रत्येक वेळी शिफ्टवाला परत कामाचा क्लिक दिलाय का हे बघत जा, मोकळ्या व्हिलेजरचा आकडा वर दिसतो, तो शून्यावर आणता आला की मग ग्रुपमध्ये या खेळायला.